जिन्याचं वळण

मनिलातल्या त्या नाल्याकाठच्या झोपड्या हलवून तिथल्यांना शहरातच स्वस्त घरं द्यायची ठरली, तेव्हा बैठकांना सगळ्यात जास्त घसा फोडला तो चोलेंगबाईने. बाई विधवा, तळलेली केळी विकणारी, पण नव्या इमारतीचा नकाशा पाहून तिने सरकारी साहेबालाच विचारलं, "आमची माणसं मरत नाहीत का? या जिन्यात शवपेटी वळणार कुठे?" सगळे हसले. तिने दोन्ही हात पसरून रुंदी दाखवली आणि साहेबाने मुकाट्याने जिना रुंद केला.

तिचं स्वतःचं नाव मात्र यादीत नव्हतं.

घर मिळणार होतं ते दारावर रंगवलेल्या नंबरावर. गणनेवाले नंबर रंगवायला आले त्या दिवशी तिचा नवरा शवपेटीत होता. पेटी एका खोलीत मावेना, म्हणून शेजारच्या एर्निंगने मधली प्लायवूडची भिंत आपल्या हाताने काढली होती. त्या गल्लीत सगळे असंच करत. गणनेवाल्यांना एकच घर दिसलं. त्यांनी एकच नंबर टाकला, एर्निंगच्या नावाने. मयताघरच्यांनी आल्यागेल्याला पोचवायला उठायचं नसतं, नाहीतर मरण पाठोपाठ जातं म्हणतात. चोलेंग बसून राहिली आणि ते निघून गेले. नवव्या दिवशी भिंत परत लागली, नंबर तोच राहिला.

घरं दोन होती, एवढं एर्निंगने लिहून दिलं असतं तर काम झालं असतं.

"देतो की," तो म्हणायचा. "पण चौकशी लागली तर माझाही नंबर लटकेल गं. जरा थांब ना, चोलेंग."

"माझ्या पोरीचा धर्मपिता तू. थांबू किती?"

"बायकोला बरं नाहीये. पुढच्या आठवड्यात नक्की."

पुढचा आठवडा काही उजाडला नाही. शेवटी चोलेंगची रवानगी शहराबाहेर, बसने तीन तासांवर झाली. तिथे घर होतं, पण केळी घेणारं कुणी नव्हतं. भल्या माणसाच्या भित्रेपणाने जेवढं वाटोळं होतं, तेवढं दुष्टालाही जमत नाही.

दोन वर्षांनी एर्निंगची बायको गेली. चोलेंग आली, त्याच्या नव्या इमारतीचे चार मजले चढली. एर्निंग तिचे हात धरून रडला.

"पेटी वर आणताना अलगद वळली बघ. कुठे घासलीसुद्धा नाही. सगळे तुझंच नाव काढत होते."

"बरं झालं," ती म्हणाली. तिला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती.

तिने मेणबत्ती लावली, थोडा वेळ बसली. शेवटची बस चुकेल म्हणून उठली.

"येते."

एर्निंग जागचा हलला नाही. रिवाजच तो, या वेळी त्याला सबबही शोधावी लागली नाही. जिन्याच्या वळणावर चोलेंगने दोन्ही हात पसरून पाहिले. कुठल्याच भिंतीला लागले नाहीत.