सायलीचा क्लास कुठेच नव्हता

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा ठेवायला जाते. कॉम्प्युटरवाली बाई आहे मी, एररला कारण असतंच असं मानणारी. तरी हे लिहितेय, कारण घरी सांगितलं तर नवरा म्हणतो, "तू जळतेस तिच्यावर, बस्स." जळते! पण त्याचा इथे काय संबंध?

आमचं शहर हिंदी मुलखातलं. आम्ही राहतो अन्नपूर्णा भागात, ऑफिस पार दुसऱ्या टोकाला, विजय नगरात. शाळांच्या प्रवेशाचं सॉफ्टवेअर बनवतो, जावामध्ये. त्यात एक फ्रेमवर्क असतं... आपण फक्त सांगायचं की अमुक टाइपची वस्तू हवी, ते शोधून हातात आणून देतं. एकाच टाइपच्या दोन सापडल्या तर "कोणती देऊ?" म्हणून अडून बसतं. एकही नाही सापडली तर प्रोग्राम चालूच होत नाही.

फॉर्मवर मुलाची जन्मतारीख कुणी कशीही टाइप करतं, तिची खरी तारीख बनवायची. हे काम ऑफिसातल्या सरांनी मला आणि सायलीला, दोघींना दिलं. जिचं चांगलं तिचं ठेवू म्हणाले. क्लासना, म्हणजे कोडच्या त्या दोन तुकड्यांना, नावंही आमचीच. सायली परवा आलेली पोरगी, पण सरांची ती "सायली बेटा" आणि मी "वृंदाजी". टीम लीड होण्याची मी इतकी वर्षं वाट बघतेय, आणि सगळ्यांच्या तोंडी हीच! वर तिच्या कोडला देवनागरी आकडे पण कळायचे. माझ्या कोडला नाही.

मग तिला बंगळूरला नोकरी लागली. गेली. सर म्हणाले, "वृंदाजी, शुक्रवार को स्कूलवाले आ रहे हैं. आपका लगा दो. ठीक चल गया तो लीड आप."

त्याच दुपारी तिचा क्लास मी स्वतः उडवला. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! प्रोग्राम चालू केला... एरर. या टाइपचे दोन सापडले — वृंदा आणि सायली.

जुनं काही राहिलं असेल म्हणून सगळं पुसून परत बनवलं. तेच. टेस्टिंगवाल्या अंकितभियाने (इकडे भैयाचं भियाच होतं) तिचं नाव सगळ्या फाइलींत, लायब्ररींत शोधलं, कुठेच नाही. कोऱ्या लॅपटॉपवर चालवून बघितलं. तेच! "अरे भिया, ये तो अंदर ही बैठी है," तो हसला. माझ्या अंगाचा तिळपापड. मी माझ्या क्लासला "हाच मुख्य" अशी खूण लावली. एरर गेली. म्हटलं, चला, सुटलो! तेवढ्यात अंकितने देवनागरी आकड्यांत तारीख टाकली, आणि प्रोग्रामने ती बरोब्बर घेतली. अहो, माझ्या कोडला ते येतच नाही!

शुक्रवारी शाळावाले खूश, त्या आकड्यांवरच जास्त. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "भई, सायली का काम पक्का था." आणि तिथूनच तिला फोन... लीड म्हणून परत येतेस का? मी कचोरी हातात धरून उभी. ती हो म्हणाली.

मी तडक जागेवर गेले आणि माझाही क्लास काढून टाकला. आता आत ना तिचा, ना माझा. फ्रेमवर्कने ओरडायलाच हवं होतं. मला तेवढी एक एरर हवी होती, की वृंदा सापडत नाहीये.

प्रोग्राम चालू झाला. तारखा बरोबर येत होत्या.

अंकितने बघितलं, सरांनी बघितलं, कारण कुणालाच सापडलं नाही. मलाही नाही. सायली सोमवारी रुजू होतेय. माझा क्लास मी परत लावलेला नाही, आणि त्यावाचून अजून कुणाचं काही अडलेलं नाही.