सोयगावची ओळ

कॉलेजसाठी पहिल्यांदा सोयगाव सोडलं, तेव्हा भीतीपोटी मी ठरवलं होतं, सिल्लोडला उतरायचं आणि घरी परतायचं.

एसटीचा कंडक्टर मात्र मजेत होता. प्रत्येक गाव पुकारताना तो स्वतः जुळवलेली ओळ जोडायचा. मी म्हटलं, "काका, नुसतं नाव घेतलं तरी लोक उतरतील की."

"उतरतील, पण हसत नाय उतरणार. सोयगावची ओळ अजून जमंना. तू तिथला ना? जुळव बरं."

मी विचारात पडलो.

"सिल्लोड! मिरची तिखट, माणसं गोड!" कंडक्टरनं पुकारलं.

मी हसलो आणि पुन्हा जुळवत बसलो. गाडी सिल्लोडहून निघाली, तरी मी जागेवरच होतो.

शहरात उतरताना भीतभीत ओळ सांगितली. त्यानं मान डोलावली. "ठीक हाय. दिवाळीला गावी जाताना याहून चांगली आण."

म्हणजे दिवाळीपर्यंत मला इथं राहणं आलंच.