झीलकरी

कळसच्या म्हस्कूआबांनी जन्मभर धनगरी ओव्यांत झील धरली. पुढं दादासो गायचा, मागून आबा त्याची ओळ उचलायचे. दादासो गेला आणि आबांचं गाणंच बसलं.

पंच्याण्णव साली थोरल्या लेकानं, नागेशनं, पुण्याहून जॅझची कॅसेट आणली. बास आणि चेलो, दोनच वाद्यं, दोन्ही जाड्या आवाजाची. टेपला कान लावून आबा चक्रावले.

"आरं, ही दोघं बी झीलकरीच हायती. म्होरं गाणारा कुठं हाय?"

"म्होरं कुणीच नसतं, आबा."

"मग ही कुणाच्या मागं चालल्यात?"

गाणारा सापडतोय का बघायला आबांनी कॅसेट पुन्हा लावली. ऐकता ऐकता त्यांनी नकळत झील धरली. चुलीपाशी गोजरबाईचा भाकरी थापता हात थांबला.

"कुणाच्या मागं म्हणताय?" तिनं नवऱ्याला विचारलं.

आबांनी टेपकडं पाहिलं. कॅसेट कधीच संपली होती.