काचेच्या कपाटातली भाकरी

पाचवीत असताना माझी मुलगी अपूर्णांक दिसले की रडायची. पाव मोठा की अष्टमांश, असं विचारलं की ठामपणे अष्टमांश म्हणायची. आठ चारपेक्षा मोठे, मग तिचं काय चुकलं? म्हणून मी तिच्यासाठी लाकडाची भाकरी केली. अर्धी, पाव, अष्टमांश असे तुकडे, एक फासा. ज्याची भाकरी आधी पुरी होईल तो जिंकला. कंपनीतले मित्र म्हणाले, "याचा धंदा कर." त्यांचं काय जात होतं? धंद्यापायी वाळूजच्या कंपनीतली नोकरी गेली ती माझी.

शैक्षणिक खेळांची गंमत अशी, की पालकांना त्यातला फक्त खेळ दिसतो आणि मुलांना फक्त शिक्षण. दोघंही लांबूनच नमस्कार करतात. प्रदर्शनात एका बाईंनी विचारलं, "याचे मार्क किती मिळतात?"

सिल्लोडकडच्या एका शाळेनं मात्र चक्क दहा संच घेतले. मी गल्लीत पेढे वाटले. वर्षभरानं नव्या मागणीच्या आशेनं तिथं गेलो, तर मुख्याध्यापकांनी मला कौतुकानं कार्यालयातल्या काचेच्या कपाटापुढं उभं केलं. क्रीडास्पर्धेच्या ढालींशेजारी दहाही संच, प्लास्टिकसकट. वर आल्या दिवशीच्या पूजेचं कुंकूही तसंच.

"एक बी तुकडा हरवला नाय, बघा!"

"मुलं खेळली का?"

"खेळायला दिलं अन् तुकडा गेला, तर तपासणीत जबाब कोण देणार? जडसंग्रहाच्या, शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत चढवलंय ना. साहेब आले की दाखवतो, लई खूश व्हतात."

"मग आणखी काही संच?"

"कशाला? हे खराबच होत नायत!"

एसटीत मी सिल्लोडपासून घरापर्यंत धुमसत होतो. घरी आल्यावर मुलीला सगळं नकलांसकट सांगितलं. ती आता आठवीत आहे. ती हसली नाही. खुर्चीवर चढून तिनं माझ्या कपाटावरचा पहिला संच खाली काढला, तिच्यासाठी केलेला. धंदा सुरू झाला तेव्हा गिऱ्हाइकांना दाखवायला म्हणून मी तो तिच्याकडून परत घेतला होता. डब्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'नमुना. हात लावू नये.'

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "चल, आत्ता खेळू."

तिनं झाकण उघडून आत पाहिलं, पुन्हा नीट लावलं.

"राहू दे, पप्पा. एखादा तुकडा हरवला तर?"