शेंदराखालची दुसरी ओळ

नोकरीतले खून-दरोडे मी बऱ्यापैकी विसरलो आहे, पण एका दगडाची चोरी अजून माझी पाठ सोडत नाही. हो, दगडाचीच. ऐकणारे हसतात. फिर्याद आली तेव्हा मीही हसलो होतो.

नव्वदच्या दशकाची अखेर होती आणि मी नालासोपाऱ्यात फौजदार होतो. पूर्वेला बिल्डिंगांवर बिल्डिंगा उठत होत्या. पाया खणताना जुनी खापरं निघायची आणि भरावात जायची. दोन हजार वर्षांपूर्वी इथे मोठं बंदर होतं, दूरदेशची गलबतं लागत, याचं आमच्या ठाण्यात कुणाला सोयरसुतक नव्हतं. मला होतं, कारण बी.ए.ला माझा विषय प्राचीन भारतीय संस्कृती होता. पुढे एम.ए. करायचं होतं, ब्राह्मी लिपीही शिकू लागलो होतो. मग वडील गेले. घरात मी थोरला, फौजदाराची परीक्षा पास झालो आणि ब्राह्मीची वही ट्रंकेत गेली ती गेलीच.

एके दिवशी सकाळी हजेरी उरकत होतो. ठाणे अंमलदार वैतागून आत आला. "साहेब, एक म्हातारी बसलीय. देव बदलला म्हणते. स्टेशन डायरीला काय नोंद घेऊ?"

म्हातारी गावठाणातली होती, मिठागरात राबून हात खरखरीत झालेले. तळ्याकाठच्या पारावर गावाचा देव होता, दोन वीत उंचीचा, शेंदराने माखलेला. दर मंगळवारी त्याला शेंदूर लावण्याचा मान तिचा होता.

"यो आमचा देव नाय, साहेब," ती म्हणाली. "तीस वरसं मीच शेंदूर लावतंय. माजा आंगठा बसायचा तिथं खड्डा व्हता, तो याला नाय. आनि याला शेंगदान्याच्या तेलाचा वास येते. आमी तिलाचं तेल लावतो."

मी पारावर जाऊन पाहिलं. दगड त्याच मापाचा, शेंदूर लख्ख. वास मात्र खरोखर फोडणीचा येत होता. हवालदार म्हणाला, मूर्ती विकणाऱ्या टोळीचं काम असणार. मला ते पटेना. विकणारा चोर दगड उचलतो आणि पळतो. जाताना दुसरा बसवून त्याला शेंदूर फासत बसत नाही. पार उघडा पडू नये याची काळजी ज्याला होती तो माणूस सराईत नव्हता, आणि देवाला स्वयंपाकघरातलं तेल लावतो म्हणजे या गावचाही नव्हता.

दोन दिवसांनी खबर मिळाली. हवालदाराच्या ओळखीचा एक पूजासाहित्याचा दुकानदार म्हणाला, "लोक शेंदराची पुडी नेतात, एका माणसाने एकदम किलोभर नेला." तो माणूस शेजारच्या आचोळ्यात तळमजल्यावर राहणारा निवृत्त शिक्षक निघाला. मास्तर मूळचे साताऱ्याकडचे, शाळेत इतिहास शिकवायचे, एकटेच राहायचे. आम्ही गेलो तेव्हा दगड पलंगाखाली गोणपाटात होता. त्यावरचं शेंदराचं कवच अर्धं उतरवलेलं होतं. मास्तरांना ठाण्यात आणलं.

चौकशीत मास्तर तोंड उघडेनात. चहा दिला, घेतला नाही. आवाज चढवून पाहिला, त्यांनी नुसती मान खाली घातली. माणूस घाबरून गप्प असला तर त्याचे हात हलतात, असं मी पाहिलं आहे. यांचे हात स्थिर होते आणि लक्ष सारखं टेबलावरच्या त्यांच्या पिशवीकडे होतं. मी पिशवीतली वही काढली. पानावर पेन्सिलने अक्षरं उतरवलेली होती. कित्येक वर्षांनी ती वळणं पाहिली आणि शेवटची दोन माझ्या तोंडून आपोआप निघाली, "दानं."

मास्तरांनी वर पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. साठी उलटलेला माणूस फौजदारापुढे रडतो हे मला नवं नव्हतं, पण आनंदाने रडणारा तो पहिलाच.

मग ते घडाघडा बोलले. पाराशेजारी भराव पडत होता, एक दिवस पारही जाईल अशी भीती त्यांना वाटली. एकदा शेंदराचा पोपडा सुटला आणि खाली अक्षर दिसलं. गावकऱ्यांना सांगून पाहिलं, पण देवाला कोण खरवडू देणार? शेवटी दगड सायकलच्या कॅरियरवर बांधून आणला. "पहिली ओळ निघाली, साहेब. कुणाच्या तरी आईचं दान आहे. कशासाठी दिलं ते दुसऱ्या ओळीत असणार. दोन दिवस द्या. वाचतो आणि मीच नेऊन बसवतो."

"चोरीचा माल चोराच्या घरी ठेवता येत नाही, सर," मी म्हणालो. चोर आणि सर हे एका वाक्यात म्हणायची वेळ त्याआधी कधी आली नव्हती.

म्हातारीला ओळख पटवायला बोलावलं. तिने डोळे मिटून दगडावर हात फिरवला, अंगठा खड्ड्यात बसवला आणि त्याला पोटाशी धरलं. "उघडा केला वो याला," एवढंच म्हणाली. नंतर हवालदाराकडून कळलं, तिचा मुलगा बोटीवर गेला तो परत आला नाही. तेव्हापासून हा मान तिने मागून घेतला होता.

पंचनामा सुरू झाला. हवालदाराने विचारलं, "खुणा काय लिहू?" पंच माझ्याकडे बघत होते. कोरीव प्राचीन अक्षरं असं लिहिलं, तर दगड सरकारी पुरातत्त्व खात्याकडे जाणार, कुणीतरी तो वाचणार आणि म्हातारीचा हात त्याला पुन्हा लागणार नाही. नाही लिहिलं, तर तो पुन्हा शेंदराखाली जाणार. मी म्हणालो, "लिही, एका बाजूस अस्पष्ट रेघा आहेत."

मास्तर हळूच म्हणाले, "साहेब, तुम्हाला वाचता येतं."

मी पंचनामा सहीसाठी पंचांपुढे सरकवला. कायद्याने ती अक्षरं नोंदवणं माझं काम होतं. सगळ्या नोकरीत जाणूनबुजून खोटं असं मी तेवढंच लिहिलं, आणि ते आज कबूल करतो.

तीन आठवडे तो दगड मुद्देमालाच्या खोलीत होता, माझ्या खुर्चीपासून वीस पावलांवर. कापडात शिवलेला, वर लाखेचं सील. रोज समोरून जाताना पाय अडखळायचा. सील मीच लावलं होतं. पुढे मास्तरांनी म्हातारीची माफी मागितली, गावकऱ्यांनी कोर्टात तडजोड केली आणि कोर्टाच्या हुकुमाने दगड गावाला मिळाला. गावाने तो वाजतगाजत नेला, सिमेंटमध्ये पक्का बसवला आणि वर बोटभर जाडीचा शेंदूर चढवला. मास्तर घर विकून गावी गेले. हवं तर ते खात्याकडे अर्ज करू शकले असते. केला नाही. का, ते विचारायचं राहून गेलं.

निवृत्तीनंतर मी ट्रंक उघडली, क्लास लावला आणि ब्राह्मी नीट शिकलो. आता अशी अख्खी ओळ वाचू शकतो, पण वाचून दाखवायला मास्तर हयात नाहीत. त्यांची फार आठवण येते.

या केसने मला शिकवलं ते इतकंच, की दोन्ही फिर्यादी खऱ्या असल्या तरी पंचनामा एकच लिहावा लागतो.

पार अजून आहे, चहूबाजूंनी बिल्डिंगा. म्हातारी गेली, आता तिची सून शेंदूर लावते. परवा मंगळवारी मी तिला विचारलं, "ताई, एकदा हे कवच उतरवता येईल का? एकच दिवस."

ती म्हणाली, "नको, साहेब. सासूनं सांगून ठेवलंय, यो एकदा उघडा पडलेला, परत पडायला नको." आणि वाटी माझ्यापुढे धरली. "तुमीच लावा आज."

मी बोटं बुडवली. शेंदराला तिळाच्या तेलाचा वास होता. अंगठ्याने खड्डा शोधला. त्याच्याच खाली कुठेतरी ती दुसरी ओळ असणार. तिच्यावर मी माझ्या हाताने आणखी एक थर चढवला.