पट्ट्याच्या कापडावरच्या समांतर रेषा

निवृत्त झाल्यावर पहिल्याच वर्षी मी एक आगाऊपणा केला. राधानगरी रस्त्यावरच्या एका खेड्यात माझी जुनी सहकारी मुख्याध्यापिका आहे. विज्ञान दिनाला नववीच्या मुलांशी बोलायला तिनं मला बोलावलं आणि म्हणाली, विषय तुमचा तुम्ही ठरवा. मी म्हटलं, सापेक्षता. तीस वर्षं कोल्हापुरात भूमिती शिकवली होती. गुरुत्वाकर्षण म्हणजे मुळात भूमितीच, असं कुठंतरी वाचल्यापासून ते मनातून जात नव्हतं. भूमिती असेल तर मला यायलाच हवी, असा माझा ताठा.

पुस्तकं वाचली, मोबाईलवर व्हिडिओ बघितले. सगळे दाखवतात तेच मीही ठरवलं. चार मुलांना चादरीची चार टोकं धरायला लावली आणि मधोमध शाळेतला गोळाफेकीचा गोळा ठेवला. चादरीला खोलगट खड्डा पडला. कडेनं गोटी सोडली, ती गोल गोल फिरत गोळ्याजवळ आली. "वस्तुमानामुळं अवकाश असं वाकतं," मी म्हटलं, "आणि गोटी त्या वाकलेल्या वाटेनं जाते." मुलं खूश, मीही खूश.

तिसऱ्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी उभी राहिली.

"बाई, पण गोळा चादरीत खाली का गेला?"

"जड आहे म्हणून."

"म्हणजे पृथ्वीनं ओढला म्हणून?"

"हो."

"मग गुरुत्वाकर्षण समजून सांगायला गुरुत्वाकर्षणच लागलं की ओ!"

वर्ग हसला. मुख्याध्यापिकेनं तिला खाली बस म्हणून खुणावलं. मी म्हटलं, "नको, राहू दे. तिचं बरोबर आहे. मला उत्तर येत नाही. शोधते आणि परत येते." बोलून गेले खरी, पण परतीच्या एसटीत माझे कान तापले होते. इतकी वर्षं मी मुलांना सांगत आले होते, आत्ता पाठ करा, कळेल पुढं. आता पाठ करणारी मीच निघाले होते.

पुढच्या आठवड्यात ब्लाउज शिवायला टाकायचा होता. मंगळवार पेठेत एका जिन्याखालच्या खोलीत माझी शिंपीण बसते. चाळिशीची, खणखणीत आवाजाची, हात मशीनसारखाच भराभर चालणारा. बारा वर्षं तीच माझे ब्लाउज शिवते. त्या दिवशी मी पांढऱ्यावर निळ्या पट्ट्यांचं सुती कापड नेलं होतं.

"आधीच सांगतो बाई," ती म्हणाली, "पट्ट्याचं कापड हाय. टक्सजवळ पट्टं एकमेकांत घुसणार. मागनं म्हणू नका, शिवताना वाकडं झालं."

टक्स म्हणजे कापड अंगाच्या गोलाईवर बसावं म्हणून त्याला घालतात ती चिमटी. टोकाशी निमुळती, कडेकडं रुंद.

"घुसतील कसे? पट्टे समांतर आहेत," मी म्हटलं. जित्याची खोड.

"कापडावर हायत. अंगावर कुठनं ऱ्हायला?" तिनं कात्रणांच्या ढिगातून एक पट्ट्याचा तुकडा उपसला, एका कडेला ऐसपैस चिमटी घेतली, मशीनवर टीप मारली आणि माझ्यापुढं टाकला. "बघा."

तुकडा आता सपाट नव्हता, टोपीसारखा फुगला होता. मी चिमटीच्या दोन बाजूंचे दोन निळे पट्टे निवडले. त्यांच्यात चार बोटांचं अंतर होतं. वरून नख फिरवत खाली आले. चिमटीच्या टोकापर्यंत दोघं गुमान शेजारी शेजारी चालले होते. टोक ओलांडलं आणि ते जवळ येऊ लागले. शिवणीवर येऊन चक्क भेटले. मी परत वर गेले, एकेका पट्ट्यावरून सावकाश नख फिरवलं. तो कुठंच वळलेला नव्हता. विणताना जसा सरळ होता तसाच सरळ होता.

"यांना ओढलं कुणी?" मी विचारलं.

"कोण वडतंय? मधलं कापडच कमी झालं की."

मी स्टुलावर बसले. पुस्तकात हेच लिहिलेलं होतं: ओढणारं कुणी नसतं, वाटा सरळच असतात, जागाच वाकलेली असते. मी ते चार वेळा वाचलं होतं आणि खाली रेघाही मारल्या होत्या.

मी तिला म्हटलं, माझ्याबरोबर शाळेत चल, मुलांना हे दाखव.

"मी? शाळंत? न्हाय बाई." कात्रणं गोळा करता करता ती बोलली, "भूमितीनंच माझी दहावी घालवली. घरातनं म्हणाले बास झालं, मशीनवर बस. आता परत तिच्या दारात जाऊ व्हय?"

तिची शिक्षिका मी नव्हते. पण असते तर मी काय वेगळं केलं असतं, हे मला छातीठोक सांगता येईना. एवढंच म्हटलं, "तू आत्ता जे केलंस ना, तीच भूमिती आहे. आणि ती मला येत नव्हती." मी चेष्टा करतेय की काय म्हणून तिनं माझ्याकडं निरखून पाहिलं, आणि म्हणाली, "उद्या या ब्लाउज न्यायला."

दुसऱ्या दिवशी ब्लाउज तयार होता. शेजारी पट्ट्यांच्या कात्रणांनी भरलेली एक पिशवी होती. "किती पोरं हायत वर्गात?" तिनं विचारलं.

आम्ही गेलो. बाकाबाकावर कात्रणं आणि सुईदोरा दिला, आणि मी म्हटलं, एकेक पट्टा म्हणजे एकेका वस्तूची वाट समजा. सुरुवातीला शिंपीण दाराशीच उभी राहिली. पण एका मुलानं चिमटी उलटी धरली आणि ती ओरडली, "आरं, तसं न्हाय!" त्यानंतर वर्ग तिचाच झाला. दोन वेण्यांच्या मुलीनं आपला तुकडा आडवा धरून पाहिला, उलटा करून पाहिला. "ह्यात खाली-वर काहीच लागत न्हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "पण बाई, हातातनं खडू सोडला तर पडतो. तो आधी कुठं चाललाच नव्हता. मग त्याची रेघ कुठली?"

या वेळी मी घरून अभ्यास करून आले होते. "तो हातात नुसता असतो तेव्हाही पुढं चाललेला असतो," मी म्हटलं, "काळात. आपण सगळेच चाललोय." फळ्यावर आडवी जागा आणि उभा काळ धरून दोन उभ्या समांतर रेघा काढल्या. एक खडूची, एक जमिनीची. "जागा आणि काळ मिळून एकच कापड आहे. पृथ्वीच्या वस्तुमानानं त्याला टक्स घातलाय. खडू सोडला की दोन्ही रेघा जवळ येतात. जिथं भेटतात तिथं आपण म्हणतो, खडू पडला." खऱ्या विश्वात अशी एकच चिमटी नसते, सगळीकडं बारीक बारीक चुण्या असतात, आणि त्यांचं गणित मला अजून नीट येत नाही, हेही मी सांगून टाकलं.

मागून शिंपीण म्हणाली, "म्हंजे खडू आपल्या वाटंनं सरळच चाललाय म्हणा की."

मुलीनं ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

परतीच्या एसटीत रंकाळा तलाव दिसायला लागल्यावर शिंपीण म्हणाली, "त्यो फारम कुठं मिळतोय?"

"कसला?"

"सतरा नंबरचा. बाहेरनं दहावी देतात त्यो."

तो आता ऑनलाइन भरतात. आम्ही दोघींनी मिळून भरला. मार्चमध्ये तिची परीक्षा आहे. दर मंगळवारी दुपारी ती माझ्याकडं येते आणि प्रत्येक प्रमेयाशी भांडते. पाठ म्हणून काही करत नाही, करू म्हटलं तरी करत नाही. परवा त्रिकोणाच्या कोनांची बेरीज चालली होती. तिनं पेन खाली ठेवलं.

"एकशे ऐंशी. पर सपाट कापडावर. तसं लिवू का?"

पूर्वीची मी म्हणाले असते, जेवढं विचारलंय तेवढंच लिही. मी म्हटलं, "लिही."

तिनं लिहिलं, आणि खाली दोनदा रेघ मारली.