ड्रायव्हर, डबी आणि डोक्याला ताप

जी कामं एका झटक्यात होतात ना, त्यांचे किस्से होत नाहीत. पंखा लावला, फिरला, विषय संपला. एक वेळ सोडली तर आमचं काम गेल्या सहा वर्षांत कधी एका झटक्यात झालेलं नाही. त्यामुळे माझ्याकडे किस्से ढिगाने आहेत, आणि खरं सांगू का, त्यातला निम्मा ढीग नुसता संताप आहे. ऐकणारे हसतात. मला अजून हसू येत नाही!

आधी थोडक्यात सांगते, कारण प्रत्येक जण विचारतो. आम्ही चौघं हौशी रेडिओवाले. परीक्षा देऊन लायसन्स काढलेले. प्रत्येकाला आपापला कॉलसाइन, म्हणजे हवेतलं नाव. वॉकीटॉकीवर बोलतात तसं आम्ही बोलतोच, पण खरं खूळ पॅकेट रेडिओचं. मोबाइल नको, इंटरनेट नको, एका लॅपटॉपवरून दुसऱ्या लॅपटॉपवर थेट रेडिओने मजकूर पाठवायचा. मध्ये एक छोटी डबी असते. ती अक्षरांचे सूर करते आणि पलीकडची डबी सुरांची परत अक्षरं करते. आणि ही डबी म्हणजे नेटवर्क आहे बाबा, हे लॅपटॉपला पटवून देणारा जो प्रोग्राम, तो ड्रायव्हर. सगळी भांडणं त्याच्यावरून.

माणसं चार. पाटकर काका, टेलिफोनच्या नोकरीतून रिटायर झालेले. गव्हाणे भाऊ, मूळचे मोशीचे. शेत होतं तिथे आता त्यांची पाच मजली बिल्डिंग आहे आणि तिच्या गच्चीवर आमचा अँटेना. देवेंद्र, लातूरकडचा, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला. आणि मी, सुरेखा. राहते चिंचवडला, नोकरी चाकणला, मशीनच्या कंट्रोल पॅनेलची. ड्रायव्हर बसवायचं काम माझ्याकडे. का? तर मॅन्युअल वाचणारी मी एकटीच!

* * *

एकदा लॅपटॉपवर विंडोजच्या जागी असते ती लिनक्स सिस्टीम नवीन टाकली आणि ड्रायव्हर लोडच होईना. दोन दिवस झटले. शेवटी राज्यभरातल्या रेडिओवाल्यांच्या ग्रुपवर प्रश्न टाकला. अर्ध्या तासात एका ज्येष्ठ गृहस्थांचा फोन.

"नमस्कार ताई. मिस्टर आहेत का घरात?"

"आहेत. का हो?"

"तो ड्रायव्हरचा प्रॉब्लेम टाकलाय ना ग्रुपवर. जरा टेक्निकल आहे, त्यांनाच सांगतो."

माझं डोकं असं काही सणकलं! स्वयंपाकघरात गेले आणि फोन मिलिंदच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, कानाला लावला. तो भेंडी चिरत होता. चिरता चिरता पाच मिनिटं शांतपणे ऐकलं त्याने. मग म्हणाला, "साहेब, तुम्ही बोललात त्यातलं मला फक्त 'हॅलो' कळलं. भेंडीबद्दल काही असेल तर मी सांगतो, बाकीचं तिला विचारा."

त्यांनी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी माझं मीच शोधलं. एक ओळ लिहायची राहिली होती, बस्स. दुसऱ्या कोणाला अडू नये म्हणून ती ओळ ग्रुपवर टाकली. पहिलं उत्तर त्याच गृहस्थांचं.

"थँक यू सर!"

* * *

ड्रायव्हरची एक सेटिंगची फाइल असते. तिच्यात सगळ्यात वर आपला कॉलसाइन लिहायचा. आपला! हे मी देवेंद्रला तीनदा सांगितलं होतं.

त्याने काय केलं? पाटकर काकांची फाइल जशीच्या तशी कॉपी मारली. आता हवेत पाटकर काका दोन. एक निगडीत, एक चाकणला. कोणी काकांना मेसेज पाठवला की दोन्ही लॅपटॉप एकदम "पोचला, पोचला" म्हणून ओरडणार आणि दोघांचं ओरडणं एकमेकांत अडकणार.

काकांना काहीच माहीत नाही. त्यांना स्क्रीनवर स्वतःच्याच नावाने मेसेज दिसले. त्यांनी उत्तर दिलं. त्या उत्तराला स्वतःच्याच नावाने उत्तर आलं. रविवारची अख्खी सकाळ हा प्रकार चालला. दुपारी माझ्याकडे फोन.

"सुरेखा, मी मला विचारतोय आणि मीच मला सांगतोय की स्टेशन बिझी आहे! डॉक्टरकडे जाऊ का?"

दुसऱ्याचा कॉलसाइन वापरणं म्हणजे लायसन्स जायचं काम. देवेंद्रला मी फोनवर असा झापला की त्याची बायको मागून विचारायला लागली, काय झालं म्हणून. काका मात्र एकच वाक्य बोलले.

"लेका, माझंच नाव लावायचं होतं तर आधीच सांगायचं, दत्तक घेतला असता!"

* * *

गव्हाणे भाऊंच्या गच्चीवरच्या खोलीत आमचं मुख्य स्टेशन. तिथल्या कॉम्प्युटरला दोन वायरी. एक आमच्या डबीची, दुसरी बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीची. टाकीत पाणी किती आहे ते दाखवणारी. आमच्या वायरीला मी चिठ्ठी चिकटवली होती: हलवू नका. मोठ्या अक्षरात.

एका रविवारी जाऊन बघते तर स्क्रीनवर अक्षरं सरकतायत. रेडिओवरून काहीतरी येतंय! कोणाचं, ते कळेना. नुसते आकडे. काका म्हणाले, लांबचं स्टेशन असेल, सांकेतिक भाषेत असेल. तीन आठवडे आम्ही ते आकडे उतरवून घेतले. तीन आठवडे! काकांनी तर वही केली. सिग्नल सकाळी सात ते नऊ फार जोरात येतो, दुपारी मंद होतो, हे त्यांनी तक्त्यासकट सिद्ध केलं. सूर्याचा परिणाम, म्हणाले.

चौथ्या रविवारी मी टेबलाखाली घुसले. चिठ्ठी वायरीवर होती. पण वायर दुसऱ्या भोकात, आणि टाकीची वायर आमच्या जागी. आमचा ड्रायव्हर तीन आठवडे टाकीला चिकटून बसला होता! सकाळी सात ते नऊ बिल्डिंगमधले लोक आंघोळी करत होते!

"भाऊ, वायर कोणी काढली?"

"मीच काढली व्हती. मोबाइल चार्जिंगला लावाया."

"आणि परत लावताना?"

"आता दोनी काळ्याच हायती की वो ताई!"

त्या दिवशी मी प्रत्येक वायरीला कॉम्प्युटरमध्ये पक्कं नाव लिहून दिलं. कुठल्याही भोकात घाला, नाव बदलायचं नाही. काकांनी वही फाडली नाही. त्यांच्याकडे आहे अजून.

* * *

एक छोटासा. काहीही बिघडलं आणि देवेंद्रला विचारलं की तो म्हणतो, "माझ्याकडे चालतंय."

दरवेळी. सहा वर्षं!

एकदा त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर काही चालेना. मी फोन करून विचारलं, तर पलीकडून सवयीने, "माझ्याकडे चालतं..." आणि मग, "ताई, लॅपटॉप घेऊन तिकडेच येतो."

* * *

देवेंद्रचाच अजून एक. त्याने डबी काढून टाकली. डबीचं काम लॅपटॉपच्या साउंडकडून करून घेतो म्हणाला. लॅपटॉपमधून आवाज आला की रेडिओ आपोआप चालू, आवाज थांबला की बंद. मी बजावलं होतं, "रेडिओला वेगळं साउंड कार्ड लाव, आणि लॅपटॉपचा नेहमीचा आवाज तिकडे जाणार नाही याची सेटिंग कर." हो हो म्हणाला.

एका सकाळी लॅपटॉपने अपडेट घेतलं आणि सगळा साउंड, जाणारा आणि येणारा, रेडिओकडे वळवला. दहा वाजता देवेंद्र घरून कंपनीच्या ऑनलाइन मीटिंगला बसला. आवाज येत नव्हता. त्याला वाटलं, नेट स्लो आहे. बसला नुसता मान हलवत!

इकडे निगडीत काका रेडिओसमोर चहा पीत होते. अचानक हवेतून एक अनोळखी माणूस ओरडायला लागला: "रिजेक्शन का वाढतंय? उत्तर द्या मला!"

काकांचा पारा चढला. विनालायसन्स माणूस आमच्या फ्रिक्वेन्सीवर येऊन उत्तर मागतोय? तो श्वास घ्यायला थांबला तसं काकांनी बटण दाबलं. आणि काकांचा आवाज देवेंद्रच्या रेडिओतून, लॅपटॉपमधून, थेट मीटिंगमध्ये. देवेंद्रच्या नावाने!

"तुम्ही कोण? लायसन्स आहे का तुमच्याकडे?"

मीटिंगमध्ये बावीस माणसं. ओरडत होते ते देवेंद्रचे साहेब गार. "हू इज धिस?"

"इंग्रजीत बोललात म्हणून कायदेशीर होत नाही! ताबडतोब बंद करा, नाहीतर तक्रार करीन!"

साहेबांनी मीटिंग बंद केली.

देवेंद्रला चार दिवस केबिनच्या बाहेर उभं केलं होतं. मला काय राग आला माहितीये? इतकं होऊन गडी मला सांगतो काय, तर "ताई, पण आवाज एकदम क्लिअर होता ना?"

* * *

मग तो डेमो. आपत्तीच्या वेळी उपयोग होईल म्हणून एका सरकारी कार्यालयाने दहा मिनिटं दिली होती. दहा! त्या दहा मिनिटांसाठी मी महिनाभर रविवार घातले. आदल्या दिवशी सगळं लोण्यासारखं चाललं.

प्रत्यक्ष डेमोला एक अक्षर जाईना. रेडिओ चालू व्हायचा, खरखरायचा, बंद व्हायचा. पलीकडे शून्य. साहेब घड्याळाकडे बघून म्हणाले, "मॅडम, व्हॉट्सअॅप का नाही वापरत?"

"टॉवर बंद पडला तर, सर?"

"टॉवर कशाला बंद पडेल?"

माझ्या कानशिलातून वाफा निघत होत्या. सेटिंग उघडलं. रेडिओचं बटण दाबल्यावर त्याला तोंड उघडायला क्षणभर लागतो; तेवढं थांब, असं ड्रायव्हरला आकड्यात सांगावं लागतं. तिथे शून्य होतं. म्हणजे रेडिओने तोंड उघडायच्या आतच निम्मं वाक्य बोलून संपत होतं! आकडा बदलला, मेसेज खटाखट गेले. तोवर साहेब उठून गेले होते.

"काका, हा आकडा कोणी बदलला?"

"मी. सकाळी. जरा फास्ट व्हावं म्हणून."

"अहो, मग मला सांगायचं नाही का?"

"तू चिडली असतीस."

* * *

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

गुरुवार होता, मी रजा काढून घरी होते. दुपारी देवेंद्रने रेडिओवर हाक मारली. त्याच्या शेजारच्या कंपनीत आग लागली होती. वरून जाणाऱ्या केबली जळाल्या, वीज तोडली, त्या भागातला टॉवर गेला. कामगारांचे मोबाइल गेटवर जमा करून घेतात. ते लॉकर आत. जखमींना मोशीकडच्या एका हॉस्पिटलात नेतायत असं कळल्यामुळे घरची माणसं सगळी तिकडे धावली होती. आणि चाकणच्या चौकात अशी कोंडी की चालत गेलेला माणूस आधी पोचेल.

मी लॅपटॉप, डबी, रेडिओ घेऊन हॉस्पिटलात गेले. दारात शंभरएक माणसं. अँब्युलन्सबरोबर आलेला कंपनीचा एक अधिकारी हातात कागद घेऊन उभा. कागदावर अकरा नावं, सगळे सुखरूप.

"बाकीचे?" कोणीतरी विचारलं.

"ही परमनंट लोकांची यादी आहे. कंत्राटी आमच्या रोलवर नसतात. त्यांचं रजिस्टर कंत्राटदाराच्या केबिनमध्ये होतं, ते जळालं."

इतक्या शांतपणे बोलला तो! मला त्याची कॉलर धरावीशी वाटली. मी बाकावर लॅपटॉप मांडला. ड्रायव्हर पहिल्या फटक्यात लागला.

देवेंद्र तिकडे गेटसमोरच्या मैदानात गाडीत बसला होता. बाहेर पडलेले कंत्राटी कामगार त्याच्याभोवती. आधी त्याने नावं रेडिओवर बोलून सांगितली, पण खरखरीत शिंदेचं शिर्के होत होतं, आणि इकडे बायका किंचाळत होत्या. मग तो म्हणाला, "ताई, ज्याचं नाव त्यालाच टाइप करायला लावतो."

पॅकेट हळू येतं. पण येतं ते पूर्ण येतं. एक अक्षर चुकलं तरी डबी ते टाकून देते आणि परत मागवते. एकेक ओळ उमटत होती. मी मोठ्याने वाचत होते. कोणी स्पेलिंग कसंही केलेलं, कोणी पुढे गावाचं नाव टाकलेलं. एक नाव वाचलं की गर्दीतून एक घर बाजूला व्हायचं. कोणी रडत, कोणी नुसतंच भिंतीला टेकून.

सदतीस नावं झाली. मग एक ओळ आली, तिच्यात नाव नव्हतं. इंग्रजी डी आणि पुढे टिंब. एवढंच. मागोमाग देवेंद्रचा मेसेज: यादी संपली.

अधिकारी माझ्या खांद्यावरून बघत होता. "हे काय? मशीनचा कचरा आलाय. ही ओळ काढून टाका, मॅडम. उगाच गैरसमज नको. आणि ही यादी अधिकृत नाही, हेही सांगा सगळ्यांना."

"कचरा येत नाही याच्यात," मी म्हणाले.

"मग हे नाव आहे का?"

पोटाशी पिशवी धरून एक बाई दुपारपासून खांबाला टेकून उभी होती. ती पुढे आली. स्क्रीनवर वाकली, त्या ओळीवर बोट ठेवलं. मग त्या अधिकाऱ्याकडे वळली.

"रोज तुमच्याच गेटवर सहीला ह्येच लिहून आत जात्यात आमचे घरधनी. तवा चालतंय, व्हय?"